निर्देशिका-क्रमण आज्ञावली

निर्देशिका-क्रमण आज्ञावली : व्यक्तिगत संगणकाच्या डिस्कवरील फाइलींच्या नोंदी नाव, प्रकार, दिनांक, वेळ किंवा आकारमान यांनुसार क्रमवार लावून त्याच क्रमाने डिस्कवर पुन्हा लिहिणारी साहाय्यक आज्ञावली. फाइलींची यादी पडद्यावर तेवढ्यापुरती क्रमाने दाखविणे आणि डिस्कवरील मूळ नोंदींचा क्रम कायमचा बदलणे ही दोन भिन्न कार्ये होत. पहिल्यात चूक झाल्यास यादी चुकते. दुसऱ्यात चूक झाल्यास फाइली गमावण्याचा संभव असतो. आयबीएम पीसी व तत्सम संगणकांसाठी १९८० नंतरच्या दशकात तयार झालेल्या अशा आज्ञावलींचा इतिहास मुख्यतः या धोक्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : या संगणकांवरील फाइल-व्यवस्थेचा पाया ‘फाइल अलोकेशन टेबल’, संक्षेपाने ‘फॅट’, हे कोष्टक होय. मार्क मॅकडॉनल्ड यांनी ते १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेसिक भाषेच्या एका आवृत्तीसाठी तयार केले. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपल्या ८६-डॉस या प्रणालीत ही कल्पना स्वीकारली व त्या प्रणालीतूनच १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर आलेली डॉस प्रणाली निघाली. तीत प्रत्येक फाइलीची ३२ बाइटांची एक नोंद असते. पहिल्या आठ बाइटांत नाव, पुढील तिहींत प्रकार, त्यानंतर फाइलीचे गुणविशेष, वेळ, दिनांक, फाइल जेथून सुरू होते त्या क्लस्टरचा क्रमांक आणि शेवटच्या चार बाइटांत आकारमान अशी तिची रचना आहे. अशा नोंदींच्या समूहास निर्देशिका म्हणतात. ५१२ बाइटांच्या एका सेक्टरमध्ये १६ नोंदी मावतात. ३६० किलोबाइटांच्या फ्लॉपीवर मूळ निर्देशिकेसाठी सात सेक्टर राखलेले असल्यामुळे तीत ११२ नोंदींना जागा असे.

या नोंदींना वर्णानुक्रम नसे. फाइल पुसली की तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून नोंद रिकामी झाल्याची खूण केली जाई आणि नवी फाइल मिळेल त्या रिकाम्या जागी बसे. त्यामुळे वापर वाढेल तसतशी यादी विस्कळीत होई. शिवाय डॉस कोणतेही नाव पहिल्या नोंदीपासून एकेक तपासून शोधत असल्याने शेवटी पडलेली नोंद सापडण्यास अधिक वेळ लागे. फ्लॉपीवरील मोजक्या फाइलींच्या बाबतीत ही अडचण किरकोळ होती. १९८३ मध्ये १० मेगाबाइटांची हार्डडिस्क असलेला पीसी एक्सटी आणि उपनिर्देशिकांची सोय असलेली डॉसची २·० ही आवृत्ती आली, तेव्हा शेकडो फाइली सांभाळणे नित्याचे झाले व ही अडचण ठळकपणे जाणवू लागली.

डॉस २·० मध्ये ‘सॉर्ट’ ही आज्ञा होती आणि ‘डिर’ आज्ञेने मिळणारी यादी तिच्याकडे वळविता येई. तथापि ही आज्ञा यादीकडे केवळ मजकूर म्हणून पाहत असे. अमेरिकन पद्धतीच्या दिनांकात महिना आधी व वर्ष शेवटी येत असल्याने डिसेंबर १९८३ मधील फाइल जानेवारी १९८४ मधील फाइलीच्या नंतर लागे. या कामी निर्माण होणाऱ्या तात्पुरत्या फाइलीही कधीकधी त्याच यादीत दिसत. डिस्कवरील क्रम तर तसाच राही. स्वतंत्र आज्ञावलींची गरज यातून निर्माण झाली.

विकास : पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये ‘नॉर्टन युटिलिटीज’ हा आज्ञावलींचा संच बाजारात आणला. पुसलेली फाइल परत मिळविण्याच्या सोयीमुळे तो प्रसिद्धीस आला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत ‘डीएस’ ही निर्देशिका-क्रमण आज्ञावली होती. तिला नाव, प्रकार, दिनांक, वेळ व आकारमान यांची आद्याक्षरे हव्या त्या क्रमाने देता येत. एखाद्या अक्षरापुढे वजा चिन्ह दिल्यास क्रम उलटा लागे. सेंट्रल पॉइंट कंपनीच्या ‘पीसी टूल्स’ या संचातही अशीच सोय होती. याखेरीज हौशी आज्ञावलीकारांनी स्वतःच्या गरजेपोटी लहान लहान आज्ञावली रचल्या.

कार्यपद्धती : क्रमणाचे गणित सोपे आहे. निर्देशिकेचे सर्व सेक्टर स्मृतीत वाचून घ्यावयाचे, नोंदी परस्परांशी ताडून क्रमाने लावावयाच्या आणि त्याच सेक्टरांत परत लिहावयाच्या. फाइलीचा आरंभ कोठे आहे हे नोंदीतच असल्याने फाइलीतील माहिती हलवावी लागत नाही. दिनांकाच्या १६ अंकांत १९८० पासूनचे वर्ष, महिना व दिवस याच क्रमाने साठविलेले असल्याने तो साधी संख्या समजून ताडता येतो. ८०८८ प्रक्रियकाच्या स्मृतीच्या ६४ किलोबाइटांच्या एका खंडात २,०४८ नोंदी मावतात. बहुतेक निर्देशिकांना तेवढी मर्यादा पुरेशी होती.

खरी अडचण नोंदींच्या स्थानावर अवलंबून असणाऱ्या इतर घटकांची होती. उपनिर्देशिकेच्या पहिल्या दोन नोंदी ती स्वतः व तिची मूळ निर्देशिका यांच्या असतात. त्या जागीच राहाव्या लागतात. डॉसच्या जुन्या आवृत्त्यांत संगणक सुरू करणाऱ्या दोन प्रणाली-फाइलींच्या नोंदी मूळ निर्देशिकेत सर्वांत प्रथम असणे आवश्यक असे. त्यांना वर्णानुक्रमात ओढल्यास क्रम शुद्ध होई. पण संगणक सुरू होत नसे. पुसलेल्या नोंदी कायमच्या काढून टाकल्यास निर्देशिका आटोपशीर होई. परंतु आरंभीचा क्लस्टर व आकारमान यांची माहिती त्यांतच असल्याने त्या फाइली परत मिळविण्याची आशा मावळे.

याहून गंभीर धोका चालू कामाचा होता. उघडलेल्या फाइलीची नोंद कोणत्या सेक्टरमध्ये कितवी आहे हे डॉस लक्षात ठेवते व फाइल मिटताना नवे आकारमान आणि वेळ त्याच जागी लिहिते. मधल्या काळात क्रम बदलल्यास ही माहिती भलत्याच फाइलीच्या नोंदीत पडते. तसेच सेक्टर एकामागून एक लिहिले जात असताना वीज गेल्यास काही नोंदी दोनदा उरतात, तर काही नाहीशा होतात. मग ‘चेकडिस्क’ आज्ञेस दोन नावे एकाच फाइलीकडे बोट दाखविताना आढळतात आणि निनावी उरलेले तुकडे क्रमांकाने गोळा करावे लागतात. म्हणून संगणक नव्याने सुरू करून, अन्य कोणतीही आज्ञावली चालू नसताना आणि डिस्कची प्रत काढून ठेवल्यावरच क्रमण करणे इष्ट ठरे.

देखभाल : या आज्ञावली डॉसला वळसा घालून थेट सेक्टर लिहीत असल्यामुळे डॉसमधील प्रत्येक अंतर्गत बदल त्यांना बाधक ठरला. १९८७ मध्ये आलेली डॉस ३·३ मधील ‘फास्टओपन’ ही सोय अलीकडे वापरलेल्या नोंदींची स्थाने स्मृतीत ठेवी. क्रम बदलताच ती माहिती खोटी ठरे. कॉम्पॅकच्या डॉस ३·३१ ने १९८७ मध्ये व डॉस ४·० ने १९८८ मध्ये डिस्कविभागाची ३२ मेगाबाइटांची मर्यादा ओलांडली, तेव्हा सेक्टर वाचण्याची व लिहिण्याची मागणी करण्याची रीतही बदलली. विंडोज ३·१ (१९९२) बरोबरची ‘स्मार्टड्राइव्ह’ ही आज्ञावली लिहावयाचा मजकूर काही क्षण स्मृतीत राखून ठेवी. त्यामुळे काम संपल्याचा संदेश दिसल्यावरही डिस्कवरील लेखन बाकी असू शके. जुनी आज्ञावली अशा वेळी आपोआप निकामी होतेच असे नाही. ती चालू राहून हानी करण्याचा संभव असतो. त्यामुळे अनोळखी डिस्करचना आढळताच काहीही न लिहिता थांबणे हा चांगल्या आज्ञावलीचा महत्त्वाचा गुण ठरला.

१९९१ मध्ये डॉस ५·० च्या ‘डिर’ आज्ञेतच क्रमवार यादी देण्याची सोय आली आणि बहुसंख्य वापरकर्त्यांची गरज डिस्कला हात न लावता भागू लागली. १९९३ मध्ये डॉस ६·० मधील ‘डीफ्रॅग’ आज्ञावलीत डिस्कवरील नोंदी क्रमाने लावण्याचा पर्यायही मिळाला. विंडोज ९५ ने १९९५ मध्ये २५५ अक्षरांपर्यंतची नावे शक्य केली. प्रत्येकी १३ अक्षरांचे तुकडे मूळ नोंदीच्या आधी उलट्या क्रमाने अतिरिक्त नोंदींत ठेवले जात. जुन्या आज्ञावली त्यांना स्वतंत्र नोंदी समजून विखुरत. फाइल वाचे, पण तिचे लांब नाव नष्ट होई. यासाठी विंडोज ९५ ने थेट लेखनावर कुलूप बसविले आणि नव्या आज्ञावलींना असा संच एकत्र हलविणे भाग पडले. १९९६ मधील ‘फॅट ३२’ रचनेत मूळ निर्देशिकेचे ठरावीक स्थानही राहिले नाही व सेक्टर वाचण्याची जुनी मागणी तेथे चालेनाशी झाली.

उत्तरकाल : विंडोज एनटी (१९९३) बरोबर आलेल्या एनटीएफएस रचनेत निर्देशिकेतील नावे वृक्षरूप सूचीत मुळातच क्रमाने राहतात, त्यामुळे तेथे या आज्ञावलींचे प्रयोजन उरले नाही. मात्र फॅट रचना स्मृतिपत्रे व पेनड्राइव्ह यांवर टिकून राहिली. २००० नंतर प्रसार पावलेली काही संगीतयंत्रे आणि मोटारींतील ध्वनियंत्रे गाणी नावानुसार न वाजविता निर्देशिकेतील नोंदींच्या क्रमाने वाजवीत. त्यासाठी लिनक्सवरील ‘फॅटसॉर्ट’सारख्या आज्ञावली वापरात आल्या. डिस्क प्रणालीपासून अलग केल्यानंतरच क्रमण करावे, हा जुना दंडक त्यांनाही लागू आहे. यादीतील क्रम ही केवळ मांडणीची बाब नसून त्या क्रमावर दुसरे कोणी विसंबले आहे काय, हे आधी पाहावे लागते, ही जाणीव या लहान आज्ञावलींच्या देखभालीतून स्पष्ट झाली.