निशाणी बांगडीची

विहिरीकाठचा मळा आपला होता, सावकारानं खोटा कागद करून तो गिळला, ही गोष्ट आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली. इतक्या वेळा ऐकली, की सावकाराच्या वाड्यावरून जाताना आम्ही पोरं थुंकायचो. त्यांचा नातू शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, पण त्याच्या घरचं पाणी मी कधी प्यालो नाही.

आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीत एक पिवळा कागद निघाला. सगळी मोडी, मला अक्षर लागेना. पण माथ्यावर दाव्याचा नंबर आणि साल होतं. कोर्टात जुनं काही शोधायचं तर आधी हेच दोन आकडे विचारतात. ते नसले तर नुसत्या नावावर कोणी रुमाल सोडत नाही.

तालुक्याच्या कोर्टातून जिल्ह्याला धाडलं. अर्ज केला, स्टॅम्प लावला, चार खेपा घातल्या. मुदत संपली की बरेच कागद नष्ट करतात, उरलेल्यात वाळवी आपला वाटा घेते. आमचं बाड वाचलं होतं. नकला घेऊन गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींकडं गेलो. त्यांना मोडी येत होती. रोज संध्याकाळी कंदिलापुढं ते वाचायचे, मी वहीत उतरवायचो.

आमचं गाव भीमथडीतलं. याच मुलखात सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ ला कुणब्यांनी सावकारांची घरं फोडून कर्जरोखे जाळले. पुढं १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. मग १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर, या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यात एक मोठी गोष्ट होती. जज्जानं नुसत्या रोख्यावर निकाल द्यायचा नाही. दोघांना समोर बसवून पहिल्या रुपयापासून व्यवहाराची हकिगत विचारायची. म्हणून त्या काळच्या दाव्यांत नुसते आकडे नाहीत. बैल कधी मेला, बी कुणाकडून आणलं, लग्नाला किती लागले, सगळं जबानीत आलंय. अडाणी कुणब्याचं बोलणं कागदावर उतरलेलं दुसरीकडं कुठं सापडणार?

खोट्या कागदाची गोष्ट पहिल्याच दिवशी मोडली. रोख्याखाली पणजोबांची नांगराची निशाणी होती आणि जबानीत ती त्यांनी कबूल केली होती. दुष्काळात दाणे आणि बैल घेतले, हेही कबूल. सावकार मात्र साळसूद नव्हता. व्याजावर व्याज चढवून त्यानं आकडा फुगवला होता. कोर्टानं हिशेब उलगडून तो जवळपास निम्म्यावर आणला आणि हप्ते बांधून दिले. हप्ते थकले, मागच्या दरखास्तीत मळा गेला.

इथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी गुरुजी वाचता वाचता थांबले. म्हणाले, "आरं, ही बाई कोण?"

एक अर्ज होता. पणजोबांच्या थोरल्या भावाच्या बायकोचा. भाऊ मेलेला. ती म्हणत होती, मळ्यात निम्मा वाटा माझ्या नवऱ्याचा. तो वेगळा निघाला होता. आमची चूल वेगळी, बैल वेगळे. गहाण ठेवताना मला कोणी विचारलं नाही.

पणजोबांनी सांगितलं, भाऊ एकत्रच होता. सावकारानंही तेच सांगितलं. एकमेकांचे वैरी, पण या एका गोष्टीवर दोघांचं एकमत! एकत्र कुटुंबातल्या विधवेला तेव्हा पोटगीपलीकडं काही मिळत नव्हतं. वाटणीपत्र नाही म्हणून तिचा अर्ज फेटाळला गेला. खाली तिची निशाणी होती, बांगडीची. हातातल्या बांगड्या केव्हाच फुटल्या होत्या. कागदावर मात्र बाईमाणसाची निशाणी तीच.

जबानी म्हणजे काही गंगाजळ नव्हे. वकील पढवतो, कारकून आपल्या भाषेत लिहितो, हरणारा आणि जिंकणारा दोघंही आपल्या सोयीचं बोलतात. म्हणून मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. ती खरं बोलत होती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पणजोबांच्याच उलटतपासणीत एक वाक्य निसटलंय: "भाऊ आजारी पडला तेव्हा त्याचे बैल मीच माझ्या दावणीला आणून बांधले." त्याचे बैल! गुरुजींनी चष्मा काढून ठेवला.

आमच्या वंशावळीत ती बाई नाही. तिच्या नवऱ्याच्या नावापुढं 'निर्वंश' एवढंच. आजीच्या गोष्टीतही ती कधी आली नाही. पण तो कागद लुगड्याच्या घडीत जपला आजीनंच.

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "गाडल्यालं कशाला उकरतुयास?" आणि उठून गोठ्यात गेले.

वंशावळीच्या वहीत मी तिचं नाव लिहिलं. सावकाराच्या नातवाकडं जाऊन एकदा चहाही प्यालो. काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. त्या वर्षी सर्वपित्रीला आईनं एक पान जास्त मांडलं. वडिलांनी पानांकडं पाहिलं. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.