गिऱ्हाईक की भागीदार?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं पुण्याला गेली. त्यांतल्या काही बायांनी कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचून लेकरं जगवली. लोक मात्र त्यांच्याकडं संशयानं बघायचे. १९९३ साली, म्हणजे आपल्याकडं भूकंप झाला त्याच वर्षी, बाबा आढावांच्या साथीनं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढं २००८ मध्ये वेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार केला. मग बाया घरोघरी जाऊ लागल्या. घराकडून महिन्याचे पैसे मिळतात, सुका माल विकून वेगळे.

या धंद्यात मालही गिऱ्हाईकच देतं. त्यानं ओलं-सुकं वेगळं ठेवलं तर कागदाला भाव येतो. खरकटं मिसळलं की कागद वाया, शिवाय बाईचे हात घाणीत. म्हणून दारात उभं राहून समजावणं हेही धंद्याचंच काम.

आम्हा अणदूरच्या गटातल्या बायांना यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. लोणच्याची काचेची बरणी विकताना सांगावं, "ताई, रिकामी झाली की धुऊन परत आणा, पुढच्या लोणच्यात पैसे कमी करू." नव्या बरणीचा खर्च वाचेल आणि ताई पुन्हा आपल्याच दारी येतील.