येशू : बेने इस्राएलांची धारणा

कोकणातून येऊन ठाण्यात स्थिरावलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या लेखी, जगभरच्या ज्यूंप्रमाणेच, येशू हा पहिल्या शतकातील एक ज्यू माणूस. देव, देवपुत्र वा मसीहा नव्हे. कारण दुहेरी : देव एकच आणि निराकार; शिवाय मसीहा आल्यावर नांदायची ती शांती अजून आलेलीच नाही. नावही ज्यूच. ‘येशुआ’ हे ‘येहोशुआ’चे (मराठी बायबलातील यहोशवा) लघुरूप. ‘ख्रिस्त’, म्हणजे अभिषिक्त, ही पदवी मात्र ज्यू त्याला लावत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळांतून या समाजातली मुले हिब्रू व बायबल शिकली. विद्या घेतली, धर्म सोडला नाही, धर्मांतरे तुरळकच. उलट स्वतःच्या धर्मग्रंथांशी नाते घट्ट झाले, हे मिशनऱ्यांना अपेक्षित नसावे. मसीहाची वर्दी देणारा एलियाहू हनाबी (संदेष्टा एलिया) या समाजाला विशेष जवळचा : नवस फेडताना पोहे, ओले खोबरे, साखर व फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. याच समाजाचे ठाण्यातील ‘शाआर हाशामाइम’ (स्वर्गद्वार) हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचे आहे.