इसेवान टायफून (१९५९) : पूर्वसूचना आणि मनुष्यहानी

सप्टेंबर १९५९ मध्ये पश्चिम पॅसिफिक महासागरात उद्भवलेले चक्रीवादळ जपानच्या इतिहासात ‘इसेवान टायफून’ या नावाने ओळखले जाते. २३ सप्टेंबर रोजी त्याच्या केंद्रस्थानी वायुदाब ८९५ मिलिबारपर्यंत उतरला होता. २६ सप्टेंबरच्या सायंकाळी ते कीई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी किनाऱ्यावर आदळले. इसे उपसागराला आलेल्या उधाणामुळे नागोया बंदरात पाणी सरासरी समुद्रपातळीपेक्षा ३.८९ मीटर चढले. समुद्रबांध फुटले आणि बंदरात साठविलेले लाकडाचे प्रचंड ओंडके वस्त्यांवर कोसळले. मृत व बेपत्ता मिळून पाच हजारांहून अधिक लोक या आपत्तीत बळी पडले.

विशेष म्हणजे हवामान खात्याने वादळाचा इशारा त्याच दिवशी सकाळी दिला होता. मात्र समुद्र हटवून मिळविलेल्या सखल जमिनीवरील दाट वस्ती, दुबळे बांध, रात्रीचा अंधार आणि स्थलांतरातील दिरंगाई यांपुढे तो निष्प्रभ ठरला. म्हणूनच १९६१ साली जपानने आपत्ती-निवारणाचा मूलभूत कायदा संमत करून मदतकार्याइतकेच महत्त्व पूर्वतयारीला दिले. अचूक भाकिताला प्रशासकीय कृतीची जोड नसेल, तर ते प्राण वाचवू शकत नाही, हाच या घटनेचा ऐतिहासिक निष्कर्ष होय.