रहस्यकथेचा माग काशीत

स्मरणिकेसाठी 'काशीबद्दल काहीतरी ऐतिहासिक लिहा' असा समितीचा आग्रह झाला. मंदिरे आणि घाट यांवर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. मी पडलो रेल्वेचा डिप्लोमावाला इंजिनिअर. तेव्हा जरा बदनाम, पण माझ्या आवडीच्या विषयावर लिहितो : रहस्यकथा.

लहानपणी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भूगोलाच्या पुस्तकाआड मी बाबूराव अर्नाळकर वाचत असे. झुंजार, काळापहाड, धनंजय ही आमची दैवते! अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. 1936 ते 1984 या काळातील त्यांच्या 1,092 रहस्यकथांची नोंद गिनेस बुकाने घेतली. पण एकदा वडिलांनी पुस्तक काढून घेतले. "याने नोकरी लागणार आहे का?" म्हणाले. ते वाचन तिथेच सुटले.

बदली होऊन इकडे आलो तेव्हा एका बनारसी सहकाऱ्याने देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' हाती ठेवली. खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. तिथले पडके किल्ले आणि गुहा त्यांच्या कादंबरीत आल्या. 'चंद्रकांता' 1888 ची, म्हणजे शेरलॉक होम्स छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षीची. ती वाचण्यासाठी अनेकजण हिंदी शिकले असे म्हणतात. त्यातला वेषांतर करणारा ऐयार भेटला आणि मला एकदम झुंजार आठवला.

पुढे कळले की पाटण्याकडे जाताना बक्सरच्या अलीकडे जे गहमर स्टेशन लागते, ते गोपालराम गहमरींचे गाव. काही काळ मुंबईच्या व्यंकटेश्वर प्रेसमध्ये काम केलेल्या या गृहस्थांनी 1900 साली 'जासूस' मासिक काढले आणि कित्येक वर्षे चालवले. ज्या मार्गावरून आपण नेहमी जातो, तिथे हा इतिहास उभा आहे!

आपल्या अहिल्याबाई घाटाच्या आसपासही एक रहस्य घडले आहे, अर्थात पडद्यावर. सत्यजित राय यांच्या 1979 च्या 'जय बाबा फेलुनाथ'चे चित्रीकरण वाराणसीत झाले. त्यात चोरीला जाते ती गणपतीची मूर्ती! ती कुठे सापडते हे सांगत नाही; बाप्पाच्या कृपेने अवश्य पाहा.

या कथांनी मला काय दिले? रूळ तुटला की आम्ही तुटलेला भाग निरखतो. काळपट, गंजलेला भाग जुन्या तड्याचा आणि चकाकणारा भाग आत्ता तुटल्याचा. आधी पुरावा, मग निष्कर्ष. ही सवय त्या चोरून वाचलेल्या पुस्तकांनी लावली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

माझा मुलगा इथेच वाढला. अक्षरे तीच असूनही मराठी पुस्तक त्याला परके वाटायचे. गेल्या वर्षी पुण्याहून अर्नाळकर मागवले आणि रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवू लागलो. ऐन रंगात आले की थांबायचे. आठ दिवसांत पठ्ठ्या पुढचे स्वतःच वाचू लागला! ते पाहून वडील हळूच म्हणाले, "तुझ्याकडून घेतलेले ते पुस्तक मी त्याच रात्री संपवले होते."

मंडळी, आपल्या घरात अशी जुनी पुस्तके असतील तर कृपया रद्दीत देऊ नका. उत्सवात घेऊन या, मुलांच्या हाती द्या. मराठी टिकवायला झुंजारही चालेल.

गणपती बाप्पा मोरया!