क्रायस्लरची वॉरंटे : जोखमीचा मोबदला कोणाचा?

१/ वॉरंट म्हटले की आपल्याला कोर्टाचे पकड-वॉरंट आठवते. भांडवल बाजारातले वॉरंट निराळे. १९८३ साली अशाच वॉरंटांवरून अमेरिकी सरकार आणि एक बडी मोटार कंपनी यांच्यात वाद झाला. वॉरंट म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याहून चांगले उदाहरण नाही.

२/ १९७९ साली क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्या एका वर्षाचा तोटा १०० कोटी डॉलरहून अधिक होता. इराणमधील क्रांतीनंतर पेट्रोल महागले आणि कंपनीच्या बोजड गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. बँका नवे कर्ज देईनात.

३/ कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांनी सरकारकडे धाव घेतली. ७ जानेवारी १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मदतीच्या कायद्यावर सही केली. सरकारने रोकड दिली नाही. १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. कंपनीने त्यांतील १२० कोटी उचलले. कंपनी बुडाली असती, तर हा बोजा करदात्यांच्या माथी आला असता.

४/ या जोखमीपोटी सरकारने १ कोटी ४४ लाख वॉरंटे घेतली. एका वॉरंटाचा अर्थ असा : १९९० पर्यंत केव्हाही १३ डॉलर भरून क्रायस्लरचा एक शेअर घेण्याचा हक्क. हक्क आहे, सक्ती नाही. त्या वेळी शेअरचा बाजारभाव १३ डॉलरच्या बराच खाली होता. त्यामुळे ही वॉरंटे अनेकांना निव्वळ कागद वाटली.

५/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. बाजारातील कॉल ऑप्शन वापरला, तर आधीच अस्तित्वात असलेला शेअर हात बदलतो. वॉरंट वापरले, तर कंपनी नवा शेअर काढते. पैसा कंपनीला मिळतो, पण जुन्या भागधारकांचा हिस्सा तेवढा पातळ होतो.

६/ पुढे कामगारांनी वेतनकपात सोसली, बँकांनी सवलती दिल्या, ‘के-कार’ या लहान गाड्या खपल्या. १९८३ च्या उन्हाळ्यात कंपनीने हमीचे सारे कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. शेअर ३० डॉलरच्या आसपास पोहोचला. तो ‘कागद’ आता सोन्याच्या मोलाचा झाला होता.

७/ मग आयकोकांनी सरकारला वॉरंटे सोडून देण्याची गळ घातली. कर्ज फिटले, हमीचे शुल्क भरले, करदात्यांचा एक सेंटही बुडाला नाही. मग एवढा नफा कशासाठी? युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. परंतु १९८० साली, कंपनी तरेल की बुडेल हे कोणालाच ठाऊक नसताना, हाच सौदा कंपनीने मान्य केला होता.

८/ अर्थमंत्री डोनाल्ड रीगन यांनी नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये लिलाव झाला आणि सर्वांत मोठी बोली खुद्द क्रायस्लरचीच निघाली : सुमारे ३१ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे प्रत्येक वॉरंटामागे सुमारे २१.६० डॉलर.

९/ हिशेब पाहा. शेअर ३० चा, हक्काची किंमत १३. तत्काळ लाभ १७ डॉलर. मग २१.६० का मोजले? कारण मुदत संपायला सात वर्षे होती आणि तेवढ्या काळात शेअर आणखी चढू शकत होता. वरचे साडेचार डॉलर त्या शक्यतेचे. उलट १९९० मध्ये भाव १३ च्या खाली असता, तर वॉरंटधारकाच्या हाती शून्य उरले असते.

१०/ २००८ च्या अरिष्टात बँकांना वाचवताना अमेरिकी काँग्रेसने वॉरंटे घेण्याची अट कायद्यातच घातली. जुलै २००९ मध्ये गोल्डमन सॅक्सने आपली वॉरंटे ११० कोटी डॉलर देऊन सोडवून घेतली. संकट सरल्यावर असा मोबदला अवाजवी वाटतो. त्याचे माप मात्र संकटाच्या दिवशीच घ्यावे लागते.