आयएनआर वाढला म्हणजे लिव्हर गेलं असं नाही. स्वादुपिंडाच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या समजून घ्या

जालना : स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करायचं तर जिल्ह्यातल्या पेशंटला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा गाठावं लागतं. ऑपरेशनआधी रक्त किती वेळात गोठतं ते तपासतात. त्यातली मुख्य तपासणी पीटी-आयएनआर.

निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. तो वाढला की घरचे म्हणतात, लिव्हर गेलं. दरवेळी तसं नसतं. गाठीनं पित्ताची नळी दाबली की कावीळ होते, पित्त आतड्यात उतरत नाही. पित्ताशिवाय व्हिटॅमिन के अंगी लागत नाही, अन् त्याविना रक्त उशिरा गोठतं. व्हिटॅमिन केची इंजेक्शनं दिली की आयएनआर बहुतेकदा खाली येतो. नाहीच आला तर रक्तस्रावाच्या धोक्यामुळं ऑपरेशन पुढं ढकलतात. अशा काविळीवर झाडपाला घेत बसलं तर नेमका हाच वेळ वाया जातो.

गंमत अशी, की हाच कॅन्सर रक्ताच्या गुठळ्याही करतो. फ्रान्सचे डॉक्टर ट्रूसो यांनी हे १८६५ मध्येच सांगितलं होतं. डी-डायमर, फायब्रिनोजेन खूप वाढलेल्यांची पुढची वाटचाल अवघड जाते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण ऑपरेशननंतर डी-डायमर तसाही वाढतो; एका रिपोर्टवरून कॅन्सर परतला असं धरू नये.

घरी सोडताना हेपरिनसारखी इंजेक्शनं बऱ्याचदा ऑपरेशनपासून ४ आठवडे पुरी करायला सांगतात. ती मनानं बंद करू नयेत. एकच पाय सुजला, एकाएकी दम लागला किंवा शौचाला काळं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच १०८ ला फोन करावा.